पोरांचा संघ आणि रविवारची सभा

पत्र थोडक्यात : कोल्हापुरातल्या एका पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे पदाधिकारी लिहितात. (ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.) दोन हंगामांपूर्वी त्यांनीच पुढाकार घेऊन एका नव्या कोचना आणलं. दर वर्षी बाहेरचे खेळाडू पैसे मोजून आणायचे आणि मे महिन्यात निरोप द्यायचा, हे थांबवून गल्लीतलीच पोरं तयार करायची असं ठरलं. कोचना तीन वर्षांचा शब्द दिला. सरांनी पाच सीनियर खेळाडू कमी केले. त्यांत पत्रलेखकांचा ३१ वर्षांचा पुतण्याही होता. आता मैदानावरच्या अकरांत सात-आठ जण १७ ते २० वर्षांचे असतात. गेल्या हंगामात संघ कसाबसा वरिष्ठ गटात टिकला. यंदा सहा मॅचेसमध्ये एक विजय, दोन बरोबरी, तीन पराभव, आणि त्यातला एक जुन्या प्रतिस्पर्ध्याकडून ४-० असा. व्हॉट्सॲप ग्रुपवर पोरांना आणि सरांना शिव्या पडताहेत. संघाचा निम्मा खर्च उचलणारे देणगीदार म्हणतात, "कोच बदला, दोन बाहेरचे प्लेअर आणा, नाहीतर माझे पैसे धरू नका." घरी भावानं बोलणं टाकलंय. रविवारी तालमीची सभा आहे. पत्राच्या शेवटी ते विचारतात, "मी धीर धरतोय की हट्ट करतोय, हे मलाच कळेना. काय करू?"

नमस्कार.

माझं माहेर कोल्हापूरचं. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की आमच्याकडे दुपारची जेवणं लवकर उरकायची, आणि आपली पेठ हरली की वडील रात्री ताटावरून लवकर उठायचे. त्यामुळे "एवढं काय त्यात, खेळ तर आहे" असं मी तुम्हाला म्हणणार नाही. ४-० नंतर दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरून जाताना मान वर करणं किती जड जातं, ते मी घरात पाहिलंय.

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय. "मी त्यांना आणलं, आता मीच सोडलं तर लोक काय म्हणतील?" मला वाटतं, तुमचा गोंधळ इथून सुरू होतो. आज रात्री एक करा. वही घ्या आणि समजा की या सरांना तालमीतल्या दुसऱ्याच कुणी आणलंय, तुमचं ज्यांच्याशी फारसं पटत नाही अशा कुणी. खेळ तोच, पोरं तीच, निकाल तेच. रविवारी तुम्ही हात कुठल्या बाजूनं वर कराल? उत्तर "ठेवू या" असं आलं तर तो धीर आहे. "काढा" असं आलं तर तुम्ही कोचना नाही, स्वतःच्या शब्दाला सांभाळताय. पुढचं वाचण्याआधी हे उत्तर मनाशी नक्की करा.

आता निकालांकडे येऊ. सहा मॅचेसच्या निकालांवरून कोच चांगला की वाईट हे ठरवता येत नाही, हे ऐकायला पळवाट वाटेल. पण फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. जगातल्या मोठ्या लीगमध्येही एका मॅचला दोन्ही संघांचे मिळून सरासरी अडीच-तीन. एक चेंडू पोस्टला लागून बाहेर गेला, एक बॅकीच्या, म्हणजे बचावातल्या खेळाडूच्या, पायाला लागून आत गेला, की बरोबरीची मॅच हरलेली होते. स्कोअर खोटा नसतो, पण सहा मॅचेसचा स्कोअर अपुरा असतो. म्हणून स्कोअरच्या मागे काय चाललंय ते बघावं लागतं.

इंग्लंडमधल्या आर्सेनल क्लबचं उदाहरण तुमच्या पोरांना तोंडपाठ असेल. मिकेल आर्टेटा २०१९ च्या डिसेंबरात तिथे कोच म्हणून आला. पहिल्या वर्षी एफए कप ही तिथली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली, पण लीगमध्ये सलग दोन हंगाम आठवा क्रमांक. २०२१ च्या उन्हाळ्यात क्लबनं सहा खेळाडू घेतले, सगळे २३ किंवा त्याहून कमी वयाचे. आणि हंगाम सुरू झाला तो सलग तीन पराभवांनी : ब्रेंटफर्डकडून २-०, चेल्सीकडून २-०, मँचेस्टर सिटीकडून ५-०. नऊ गोल खाल्ले, एकही केला नाही, संघ तक्त्यात तळाला. तेव्हा त्याला काढा म्हणणारे थोडे नव्हते. क्लबनं काढलं नाही. त्या हंगामात संघ पाचवा आला आणि पुढचे तीन हंगाम ओळीनं दुसरा.

ही गोष्ट ऐकायला गोड आहे, म्हणूनच ती सांगताना मी जरा थांबते. अशीच दुसरी गोष्ट ॲलेक्स फर्ग्युसनची. १९८६ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडला आला, १९८९-९० ला लीगमध्ये तेरावा होता, मग एफए कप जिंकला आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. कुठल्याही कोचला वाचवायचं असलं की या दोन गोष्टी पुढे केल्या जातात. पण ज्यांना तीन-चार वर्षं दिली आणि तरी काही उगवलं नाही, असेही कोच असतात. त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. शिवाय चेल्सीचं बघा. २०२२ पासून त्यांनी संघ तरुण केला आणि त्याच काळात कोचवर कोच बदलले. तरी २०२५ मध्ये त्यांनी युरोपातली कॉन्फरन्स लीग आणि क्लब वर्ल्ड कप जिंकला. अर्थात त्यांच्याकडे पैसा ओतण्याची जी ताकद आहे ती तुमच्या तालमीकडे नाही. मला म्हणायचंय एवढंच की "फर्ग्युसनलाही वेळ दिला होता" हे वाक्य रविवारच्या सभेत कुणी टाकलं तर त्यावर विसंबू नका. तुमच्याच मैदानावर काय दिसतंय ते सांगा.

आणि युनायटेडचीच एक गोष्ट मात्र तुम्हाला खरोखर उपयोगी आहे, फक्त ती पूर्ण ऐकावी लागते. १९९५ च्या उन्हाळ्यात फर्ग्युसननं ह्यूज, इन्स आणि कांचेल्स्किस असे तीन नावाजलेले खेळाडू सोडून दिले. ऑगस्टमध्ये पहिल्याच मॅचला ॲस्टन व्हिलानं त्यांना ३-१ नं हरवलं. संघात बेकहॅम, स्कोल्स, बट, नेव्हिल बंधू अशी क्लबच्या अकादमीतली बरीच पोरं होती. टीव्हीवर माजी खेळाडू ॲलन हॅन्सन म्हणाला की पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नसतं. त्याच हंगामात युनायटेडनं लीग आणि एफए कप दोन्ही घेतले, आणि हॅन्सनचं ते वाक्य जन्मभर त्याच्या मागे लागलं.

पण हॅन्सन अगदीच चुकला होता का? त्या पोरांच्या मागे गोलमध्ये श्मायकेल उभा होता. बचावात ब्रूस आणि पॅलिस्टर होते. मधे रॉय कीन होता. आणि ऑक्टोबरात बंदी संपवून एरिक कँटोना परत आला, त्यानं वसंतात कितीतरी मॅचेस एकट्याच्या गोलवर काढून दिल्या. पोरं जिंकली, कारण ती एकटी नव्हती.

तुमच्या पत्रात मला खटकलं ते इथे. तुम्ही सगळं "सर की सीनियर" असं मांडलंय. देणगीदारही तसंच मांडताहेत, भाऊही. सरांनी पाच जण एका दमात कमी केले, हा निर्णय मला घाईचा वाटतो. मी तुमचा खेळ पाहिलेला नाही, त्या पाचांत कोण कसं होतं ते मला माहीत नाही. काही वेळा एखादा मोठा खेळाडू जाणंच संघाच्या भल्याचं असतं. आर्टेटानंही ऑबामेयांगचं कप्तानपद काढून त्याला जाऊ दिलं होतं. पण १८ वर्षांच्या बॅकीनं पहिला गोल खाल्ल्यावर त्याच्या शेजारी कुणीतरी असं लागतं, जे दहा वर्षं त्याच मैदानावर गोल खात आणि सावरत आलंय. तो माणूस मैदानावर पाच मिनिटं खेळ मंद करतो, पोरांना नावानं हाका मारतो, रेफ्रीशी बोलायला स्वतः जातो. हे सराव करून येत नाही. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. नव्या शिक्षकांच्या हाती एकदम सगळे दहावीचे वर्ग दिले तेव्हा काय झालं ते मला आठवतंय. ते शिक्षक वाईट नव्हते. विचारायला शेजारच्या वर्गात कुणी नव्हतं.

म्हणून कोच ठेवायचा की काढायचा, याच्या मधला एक प्रश्न सरांना विचारा : "तुमच्या पोरांना सांभाळायला मैदानावर कोण आहे?" त्यांना एक बॅकी आणि एक मधला खेळाडू असे दोन अनुभवी गडी परत हवे असतील तर ते त्यांनीच मागू देत. आणि ते मागताना तुमच्या पुतण्याचं नाव आलं, तर ते सरांच्याच तोंडून यायला हवं. तुम्ही सुचवू नका. तुमच्या शब्दावरून तो संघात आला तर पोरं त्याला तुमचा माणूस म्हणून बघतील आणि त्याच्या येण्याचा उपयोगच संपेल. सरांनी त्याच्या घरी जाऊन, "तुझी मला गरज आहे, सगळ्या मॅचेसना सुरुवातीपासून नसशील, पण पोरांना हाताशी धर" असं सांगितलं, तर ३१ वर्षांच्या खेळाडूला ते काढून टाकण्यापेक्षा कितीतरी वेगळं वाटेल. त्यानं नाही म्हटलं तरी त्याचा मान राहतो.

भावाचं वेगळं. त्याच्याशी संघाबद्दल बोलायला जाऊ नका. त्याच्या मुलाला काढलं तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं का, हे बहुतेक त्याला कळलेलंच नाही. तेवढंच सांगून या. सभेच्या आधी जाणार असाल तर मत मागायला आलात असं वाटेल, म्हणून सभा झाल्यावर जा.

आता बघायचं काय, ते सांगते. तालमीतल्या एका शांत डोक्याच्या माणसाला वही द्या. मॅच बघताना त्यानं फक्त एवढं लिहायचं : आपण गोलची चांगली संधी किती वेळा तयार केली, समोरच्यानं किती वेळा, आपण गोल कितव्या मिनिटाला खाल्ले आणि गोल खाल्ल्यावर पुढची दहा मिनिटं पोरं कशी खेळली. झालेल्या सहा मॅचेसचं आता आठवून लिहिता येईल तेवढं लिहा, पुढच्यांचं नीट लिहा. संधी तीनाच्या पाच होत असतील आणि निकाल तेच असतील, तर संघ वर येतोय. शेवटच्या वीस मिनिटांतच गोल पडत असतील तर पोरांचा दम कमी पडतोय. १८ वर्षांच्या अंगाला २८ वर्षांच्या अंगाशी नव्वद मिनिटं झोंबणं जमायला वेळ लागतोच, आणि त्यावर सरावात काम करता येतं. पण गेल्या हंगामात ज्या कॉर्नरवर गोल खाल्ले त्याच कॉर्नरवर तसेच गोल आजही खात असाल, तर ते वयाचं नाही, शिकवण्याचं आहे. तिथे सरांना जाब विचारायला हवा.

दुसरं, पराभवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सरावाला किती पोरं येतात? ४-० नंतर किती आली? मला वाटतं, वहीतल्या सगळ्या आकड्यांपेक्षा हा आकडा जास्त बोलतो. पोरं येत असतील तर त्यांचा सरांवरचा विश्वास शाबूत आहे.

आणि धीर संपवायचा कधी, हेही आधीच ठरवा. सर हरल्यावर पोरांची नावं घेऊन चारचौघांत दोष देऊ लागले, दुखऱ्या पायाच्या पोराला इंजेक्शन मारून उतरवलं, पोरांनी येणं सोडलं, किंवा सर तुमच्याशी बोलायलाच तयार नसले, तर तीन वर्षांचा शब्द पाळायची गरज नाही. मग सहा मॅचेसही पुष्कळ झाल्या. तसंच गुणतक्त्यात एक रेघ मारा. खालच्या गटात जाण्याचा धोका खरोखर समोर आला तर काय करायचं, ते सरांबरोबर बसून आजच लिहून ठेवा.

ही रेघ का म्हणते ते सांगते. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला. भारत तिन्ही मॅचेस हरला, अमेरिकेकडून ३-०, कोलंबियाकडून २-१, घानाकडून ४-०. मग त्यातल्या बऱ्याच पोरांना एकत्र ठेवून इंडियन ॲरोज हा संघ आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेत मोठ्या माणसांविरुद्ध उतरवला. २०१७-१८ ला तो संघ तळाला राहिला. पण त्यातलीच काही पोरं पुढे भारताच्या मुख्य संघात पोचली. जीकसन सिंग, सुरेश वांगजाम ही नावं तुम्हाला माहीत आहेतच. हे जमलं, कारण ॲरोजला खालच्या गटात ढकलायचं नाही असं आधीच ठरलेलं होतं. भारतीय फुटबॉल फेडरेशननं पोरांच्या डोक्यावर छप्पर घातलं होतं. तुमच्या पोरांच्या डोक्यावर ते नाही. तुमच्याकडे छप्पर म्हणजे फार तर तुम्ही आणि तालमीतली चार जाणती माणसं.

म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल मला कडक बोलायचंय. १७ वर्षांच्या पोराला आईवरून शिवी देणारा माणूस समर्थक नाही. तालमीचा ग्रुप असेल तर तो आजच्या आज बंद करा किंवा फक्त पदाधिकाऱ्यांना लिहिता येईल असा करा. बाहेरच्या ग्रुपांना तुम्ही आवरू शकत नाही, पण सभेत उभं राहून "पोरांबद्दल काही बोलायचं असेल तर मला बोला" एवढं म्हणू शकता. पोरं ते ऐकतात, विसरत नाहीत. समर्थकांच्या भांडणांनी आपल्याकडच्या फुटबॉलचं किती नुकसान केलंय ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलंय.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण असणार. १७-१८ वर्षांची पोरं म्हणजे त्यांतली दोन-तीन तरी यंदा बारावीला असतील. फेब्रुवारीत परीक्षा आहे. सरांनी त्याचा विचार केलाय का? परीक्षेच्या काळात त्या पोरांना सरावातून मोकळं ठेवायचं, त्यांच्या जागी कोण खेळेल ते आधीच ठरवायचं, हे लेखी असू द्या. एखाद्या पोराची बारावी बुडाली तर पुढच्या दहा घरांतले आईबाप आपली पोरं तालमीत पाठवणार नाहीत, आणि मग तुमची योजना कुठल्याही पराभवाशिवाय मरेल.

देणगीदारांकडे वळू. त्यांना शत्रू समजू नका. त्यांनी पैसे दिलेत ते पेठेच्या नावासाठी, आणि ४-० त्यांनाही झोंबलंय. पण खेळाडू कोण खेळेल हे पैसे देणाऱ्यानं ठरवायचं, ही रीत एकदा पडली की पुढचा कोच कुणीही असो, तो यांचाच नोकर होतो. सभेआधी त्यांच्या घरी जा, वही घेऊन जा. त्यांना मेपर्यंतचा वेळ मागा, तीन वर्षांचा नको. मोघम "धीर धरा" म्हटलं की माणूस चिडतो, तारीख सांगितली की ऐकून घेतो. बाहेरच्या दोन प्लेअरच्या मानधनाचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा : तेवढ्या पैशांत चौदा वर्षांखालच्या पोरांचा वर्षभराचा खुराक, बूट आणि फिजिओ यांतलं काय काय होतं? कदाचित त्यांचं नाव त्या छोट्या संघाला देता येईल. आणि तरीही त्यांनी पैसे काढून घेतले तर? मग निम्मा खर्च उभा करण्याची तयारी तुम्हाला ठेवावी लागेल. पेठेतल्या घरांकडून महिन्याची छोटी वर्गणी काढणं गणपतीला जमतं, तर फुटबॉललाही जमायला हवं. तेही नाही जमलं तर खर्च कमी करा, पण बाहेरचे दोन खेळाडू आणून दोन पोरांना बाकावर बसवू नका. त्यानं यंदाच्या दोन मॅचेस निघतील आणि पुढच्या डिसेंबरात तुम्ही पुन्हा इथेच उभे असाल.

असंच पत्र मला पुण्याहून एका वडिलांनी पाठवलं होतं. मुलगा अकादमीत, कोच नवा, सगळ्या मॅचेस हरताहेत, मुलगा रडतो. आणि एका शाळेच्या कबड्डी संघाच्या बाईंनीही. त्यांनाही वरचंच सांगते, आणि एक जास्त : मुलाला घरी आल्यावर "जिंकलात का" ऐवजी "आज काय नवीन जमलं" विचारा. महिनाभर रोज उत्तर "काही नाही" आलं तर कोचशी बोला, त्याआधी नको.

माझं मत विचाराल तर, पत्रात जे आहे त्यावरून मी सरांना हंगाम संपेपर्यंत ठेवीन. दोन अनुभवी खेळाडू परत आणण्याबद्दल त्यांच्याशी स्पष्ट बोलेन, आणि मे महिन्यात वही उघडून पुन्हा ठरवीन. तुमच्या वहीत काही वेगळं निघालं तर वहीचं ऐका, माझं नको.

सभा रविवारी संध्याकाळी असेल. सकाळी सराव असणारच. देणगीदारांना आणि कट्ट्यावरच्या दोन-चार बोलक्या माणसांना सहा वाजता मैदानावर घेऊन या. चहा तिथेच मागवा. सरांना आधी सांगू नका. पोरं कशी पळतात, सर कसे बोलतात, ते त्यांना तासभर नुसतं बघू द्या.